घर नाशिकला, आपण पुण्याला: घरचा मीडिया सर्व्हर आणि व्हीपीएन एकत्र कसे चालवायचे

आमच्या इंदिरानगरच्या घरी टीव्हीशेजारी एक छोटा काळा डबा आहे, शाळेच्या वहीपेक्षाही लहान. तोच आमचा मीडिया सर्व्हर, म्हणजे चित्रफिती साठवून मागू तिथे दाखवणारा संगणक. आईबाबांच्या लग्नाची कॅसेट, आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या, दोन मुंजी, तीन बारशी, आणि जुन्या नाशकातल्या रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) रंगपंचमीला माझा भाऊ उडी मारतो ती दोन मिनिटांची चित्रफीत, असं सगळं त्यात आहे. मी पुण्यात राहते. रात्री जेवण उरकलं की यातलं काहीही माझ्या फोनवर किंवा टीव्हीवर लागतं, आणि ते थेट त्या डब्यातून येतं. साठवणुकीचं मासिक भाडं नाही, आणि आजीचा आवाज कुणा परक्याच्या सर्व्हरवर ठेवावा लागलेला नाही.

हे कसं उभं करायचं ते इथे पहिल्यापासून सांगते. ज्याने कधी लिनक्स (विंडोजसारखीच, पण मोफत संगणक प्रणाली) हाताळलेलं नाही त्यालाही दोन सुट्ट्यांच्या दिवसांत जमेल. फक्त व्हीपीएनचा भाग नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण तिथेच अडकतात. मीही तिथेच अडकले होते.

व्हीपीएन कोणता, ते आधी ठरवा

व्हीपीएन हा शब्द दोन अगदी उलट कामांसाठी वापरला जातो.

पहिला व्हीपीएन बाहेर जाण्याचा. एखाद्या कंपनीला महिन्याचे पैसे भरायचे, तिचं ॲप टाकायचं, की तुमच्या यंत्रावरून निघणारी सगळी ये-जा आधी त्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून पुढे जगात. समोरच्या संकेतस्थळाला तुमच्या घरचा पत्ता न दिसता कंपनीचा दिसतो. जाहिराती होतात त्या याच प्रकारच्या.

दुसरा घरात येण्याचा. यात तुमच्या घरचा डबा, तुमचा फोन, तुमचा लॅपटॉप एवढ्याच यंत्रांचं एक खासगी जाळं तयार होतं. तुम्ही पुण्यात असा की दुबईत, फोनला वाटतं की तो डबा शेजारच्याच खोलीत आहे. वायरगार्ड आणि त्याच्यावरच उभं असलेलं टेलस्केल ही या प्रकारातली नावं.

घरचा सर्व्हर दुरून बघायला दुसरा प्रकार लागतो. पहिल्याचं वर्षभराचं वर्गणीपत्र घेऊन बसलात तरी त्याने तुमच्या घराचं दार उघडणार नाही. उलट तोच डब्यावर चालू केलात तर उघडं असलेलं दारही बंद होतं. त्याचं कारण पुढे सविस्तर सांगते.

तिसरा मार्ग म्हणजे राउटरवर पोर्ट उघडणं, ज्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. पोर्ट म्हणजे बाहेरून यंत्रात शिरायचं, क्रमांक दिलेलं दार. वाड्याला रस्त्यावर उघडणारा मोठा दरवाजा असतो आणि मागच्या अंगाला घरच्यांच्या वापराचं दार असतं. पोर्ट उघडणं म्हणजे पुढचा दरवाजा दिवसरात्र सताड उघडा टाकणं. इंटरनेटवरचे सगळे पत्ते आणि पोर्ट चाचपत फिरणारे आपोआप चालणारे प्रोग्राम अहोरात्र सुरू असतात, आणि उघडं पोर्ट त्यांना लगेच सापडतं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये उद्या एखादी फट निघाली तर पहिला धक्का तिथेच बसणार. स्वतःचा व्हीपीएन म्हणजे मागचं दार, आणि त्याची किल्ली फक्त घरच्यांकडे. माझं मत पक्कं आहे: नवख्या माणसाने पोर्ट उघडूच नये.

तसंही आपल्याकडे बऱ्याच घरगुती जोडण्यांवर पोर्ट उघडून उपयोग होत नाही. इंटरनेट कंपन्यांकडे जुन्या पद्धतीचे पत्ते पुरेसे नसतात, म्हणून एकाच बाहेरच्या पत्त्यामागे अनेक घरं बसवलेली असतात. याला सीजीनॅट म्हणतात. तपासायचं असेल तर राउटरच्या पानावर 'वॅन' पत्ता (राउटरला बाहेरून मिळालेला) बघा, आणि मग 'माझा आयपी पत्ता काय' दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरचा पत्ता बघा. दोन्ही वेगळे निघाले, किंवा राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला असला, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. टेलस्केल यातूनही वाट काढतं, आणि नवख्यांना मी तेच सुचवते त्याचं हे मोठं कारण.

डबा

नवं काही विकत घ्यायच्या आधी घरात पडून असलेला लॅपटॉप बघा. इंटेलचा सातव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर असेल तर उत्तम, कारण आजकालच्या दहा-बिट एचईव्हीसी (व्हिडिओ कमी जागेत साठवण्याची एक पद्धत) फायली त्याच्यातला ग्राफिक्सचा भाग स्वतः उलगडतो आणि मुख्य प्रोसेसरवर ताण येत नाही. नवा घ्यायचा असेल तर इंटेल एन १०० असलेला मिनी पीसी पुरे. रास्पबेरी पाय ५ अनेकांना मोहात पाडतो, पण त्यात एच.२६४ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हिडिओ प्रकारासाठी वेगळी हार्डवेअर सोय नाही. दुरून बघताना व्हिडिओ लहान करून पाठवावा लागतो आणि तिथे तो दमतो.

विजेची काळजी करू नका. असा डबा सरासरी १२ वॅट घेतो असं धरलं तरी दिवसरात्र चालू ठेवून महिन्याला साधारण ९ युनिट होतात. काळजी करायची ती वीज जाण्याची. मे-जूनच्या वळवाच्या पावसात आमच्याकडे वीज जाते, येते, पुन्हा जाते. त्यासाठी तीन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) शिरून वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याची सोय चालू करा. राउटरला आणि फायबरच्या डब्याला एक छोटा डीसी यूपीएस लावा. आणि ज्या प्लगमध्ये हे सगळं बसणार त्याचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

डबा बंद कपाटात ठेवू नका. एप्रिलमध्ये नाशिक आता पूर्वीचं थंड नाशिक राहिलेलं नाही, आणि काचेच्या दारामागे तो तापतो. राउटरशी वाय-फायने न जोडता वायरनेच जोडा.

त्यावर उबंटू किंवा डेबियन यांपैकी एक लिनक्स टाका. विंडोजवरही सगळं चालतं, पण दूर बसून सांभाळायचं असेल तर मध्यरात्री स्वतःहून रीस्टार्ट होऊन पासवर्डच्या पडद्यावर थांबणारं यंत्र नको. लॅपटॉप वापरत असाल तर झाकण मिटल्यावर झोपी न जाण्याची सेटिंग आठवणीने करा.

हार्ड डिस्क बाहेरून जोडणार असाल तर एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. ती आपोआप जोडली जावी म्हणून एफएसटॅब नावाच्या फायलीत एक ओळ लिहावी लागते. त्या ओळीत 'नोफेल' (nofail) हा शब्द घाला. नाही घातला आणि कधी डिस्कची वायर सैल झाली, तर डबा सुरू होतानाच अडकून बसतो आणि तुम्हाला पुण्याहून तो दिसतसुद्धा नाही. घातला तर डिस्कशिवाय का होईना पण डबा उठतो, आणि काय बिघडलं ते दुरून कळतं.

जेलीफिन बसवणं

मीडिया सर्व्हरच्या सॉफ्टवेअरची तीन नावं कानावर पडतील: प्लेक्स, एंबी आणि जेलीफिन. एंबीने आपला कोड बंद केल्यावर २०१८ च्या डिसेंबरात त्यातूनच जेलीफिन वेगळं निघालं. ते पूर्ण मोफत आहे आणि त्याला कुठल्या कंपनीच्या खात्यात लॉगिन करावं लागत नाही. प्लेक्स दिसायला जास्त देखणं आहे, पण एप्रिल २०२५ पासून स्वतःच्या सर्व्हरवरचे व्हिडिओ घराबाहेरून बघायला तिथे पैसे भरावे लागतात. आपलं सगळं काम घराबाहेरूनच बघण्याचं, म्हणून मी जेलीफिन सांगते.

जेलीफिनच्या अधिकृत संकेतस्थळावर उबंटू-डेबियनसाठी एक ओळ दिलेली आहे. ती टर्मिनलमध्ये (आदेश टंकायच्या खिडकीत) चिकटवा, पासवर्ड द्या आणि थांबा. मग त्याच घरातल्या दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये डब्याचा घरगुती पत्ता, त्यापुढे अपूर्णविराम (:) आणि ८०९६ लिहा. हा जेलीफिनचा पोर्ट क्रमांक. स्वागताचं पान येईल. भाषा, नाव, आणि चांगला लांब पासवर्ड द्या. 'घरचंच तर आहे' म्हणून पासवर्ड रिकामा ठेवू नका.

आता फोल्डर. घरच्या चित्रफिती आणि सिनेमे वेगळे ठेवा. सिनेमाचं फोल्डर नावाने आणि कंसात वर्षाने लिहिलं की पोस्टर आणि माहिती आपोआप येते. घरच्या चित्रफितींची लायब्ररी मात्र 'होम व्हिडिओज अँड फोटोज' याच प्रकाराने बनवा. मी सुरुवातीला सगळं एकाच 'मूव्हीज'मध्ये टाकलं होतं, तर आजोबांच्या पंच्याहत्तरीला कुठल्याशा इंग्रजी सिनेमाचं पोस्टर लागलं. घरच्या फायलींना नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग प्रसंग असं लिहा. कालक्रम आपोआप लागतो.

लायब्ररी रिकामी दिसली तर घाबरू नका. दहातले नऊ वेळा कारण परवानगीचं असतं. जेलीफिन स्वतःच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतं आणि त्याला तुमच्या खासगी फोल्डरात डोकावता येत नाही. डिस्क तुमच्या वैयक्तिक फोल्डरात न जोडता मुळाशी असलेल्या 'एसआरव्ही' (/srv) फोल्डरात जोडा आणि वाचण्याची परवानगी सगळ्यांना द्या.

डॅशबोर्डमधल्या प्लेबॅक विभागात हार्डवेअर ट्रान्सकोडिंगसाठी, म्हणजे व्हिडिओ चालू असतानाच लहान करून पाठवण्यासाठी, इंटेल क्विक सिंक निवडा. चालत नसेल तर जेलीफिनचा वापरकर्ता 'रेंडर' या गटात आहे का ते बघा. तिथेच पर्यायी फॉन्ट वापरण्याची सोय आहे. त्या फोल्डरात एखादा युनिकोड देवनागरी फॉन्ट ठेवा, नाहीतर मराठी उपशीर्षकं चित्रावर छापायची वेळ आली की अक्षरांच्या जागी चौकोन येतात. उपशीर्षकांची फाईल यूटीएफ-८ मध्येच जतन केलेली हवी. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या फायली आधी रूपांतरित करून घ्याव्या लागतात.

सिनेमांबद्दल एक गोष्ट स्पष्टच सांगते. व्हीपीएन लावल्याने चोरीची प्रत कायदेशीर होत नाही. स्वतःचं चित्रण, किंवा ज्याचा हक्क संपला आहे ते ठेवा. आपल्या कायद्यात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या मूकपटांचा हक्क केव्हाच संपला आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या फाळके स्मारकात लहानपणी सहलीला गेलेल्या माझ्यासारखीला, त्यांचे उरलेसुरले तुकडे स्वतःच्या सर्व्हरवर बघताना वेगळाच आनंद होतो.

मागचं दार: टेलस्केल

वायरगार्ड हा मूळ बोगदा, म्हणजे दोन यंत्रांमधली कूटबद्ध वाट. २०२० च्या मार्चमध्ये तो लिनक्सच्या गाभ्यातच, ५.६ आवृत्तीत आला. अगदी आटोपशीर आणि वेगवान. तो स्वतः हाताने मांडायचा तर किल्ल्यांच्या जोड्या बनवाव्या लागतात, राउटरवर यूडीपीचं एक पोर्ट उघडावं लागतं, आणि सार्वजनिक पत्ता असावा लागतो. टेलस्केल हे सगळं आपल्या वतीने करतं. घरगुती वापरासाठी त्याची मोफत योजना आहे.

आधी टेलस्केलचं खातं उघडा. त्याला वेगळा पासवर्ड नसतो, गुगलसारख्या एखाद्या खात्याने आत शिरायचं असतं. म्हणजे ते खातं हीच तुमच्या घराची किल्ली झाली. त्यावर दोन टप्प्यांची पडताळणी नसेल तर हे वाचणं इथेच थांबवा आणि आधी ती चालू करा.

मग डब्यावर टेलस्केल टाका. इथेही संकेतस्थळावरची एकच ओळ. ती झाल्यावर 'सुडो टेलस्केल अप' हा आदेश रोमन अक्षरांत द्या. एक दुवा दिसेल, तो ब्राउझरमध्ये उघडून खात्यात शिरा. आता डब्याला १०० ने सुरू होणारा एक नवा पत्ता मिळेल. सीजीनॅटचे पत्तेही याच रांगेतले असतात, म्हणून गोंधळ होतो, पण हा पत्ता तुमच्या खासगी जाळ्यातला आहे.

टेलस्केलच्या संकेतस्थळावर 'मशीन्स' या पानावर तुमचा डबा दिसेल. त्याच्या समोरच्या तीन ठिपक्यांवर दाबून 'डिसेबल की एक्स्पायरी' निवडा. ही पायरी कुणीही गाळू नये. एरवी यंत्राची किल्ली १८० दिवसांनी शिळी होते आणि पुन्हा लॉगिन मागते. सहा महिन्यांनी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, सगळं नीट चालू असताना डबा अचानक जाळ्यातून गायब होतो आणि कारण काही केल्या सापडत नाही.

फोनवर टेलस्केल आणि जेलीफिन अशी दोन्ही ॲप टाका, त्याच खात्याने शिरा. आता परीक्षा. फोनचं वाय-फाय बंद करा. हे महत्त्वाचं आहे, कारण घरच्या वाय-फायवर सगळंच चालतं आणि खोटा धीर येतो. मी आमच्या गॅलरीत उभी राहून, वाय-फाय बंद करून, मोबाइल डेटावर जेलीफिन उघडलं होतं. सर्व्हरच्या पत्त्यात डब्याचा टेलस्केलमधला पत्ता, अपूर्णविराम, ८०९६. सुरुवातीला 'एचटीटीपी' लिहा, शेवटचा 'एस' नको. ब्राउझर तो 'एस' स्वतःहून लावतो आणि मग पान उघडत नाही. बोगद्यातली ये-जा आधीच कूटबद्ध असते, त्यामुळे इथे तो नसला तरी बिघडत नाही. जेलीफिनच्या नेटवर्किंग विभागात बाहेरून जोडणीला परवानगी देणारा चौकोन टिक केलेला असू द्या, कारण टेलस्केलचे पत्ते त्याला बाहेरचेच वाटतात.

गोल फिरणारं चक्र थांबलं आणि आजीची ओवी सुरू झाली. आत स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "अगं, कुणाचा आवाज हा?"

दोन व्हीपीएनची टक्कर

आता मुख्य अडचण. समजा तुम्हाला बाहेर जाणारा, विकतचा व्हीपीएनही त्याच डब्यावर हवा आहे.

मी एकदा तेच केलं, आणि तेही पुण्यात बसून. दुरून डब्यात शिरले, एका कंपनीचं ॲप टाकलं, 'कनेक्ट' केलं. पडद्यावरचा कर्सर जागच्या जागी थिजला. आईला फोन लावला. "दिवा तर लागलाय डब्याचा, पण टीव्हीवरही काही लागत नाही गं," ती म्हणाली. तिला प्लग काढून पुन्हा लावायला सांगितलं. तिने कपाटामागे हात घालून, चाचपडत, बरोबर वायर शोधली. डबा पुन्हा उठला, आणि काहीच बदललं नाही, कारण ते ॲप सुरू होताक्षणी आपोआप जोडलं जात होतं. शेवटी शनिवारी नाशिकला जाऊन, कीबोर्ड लावून ते काढलं.

झालं काय होतं, ते समजून घ्या. व्हीपीएन जोडला की डब्याचा बाहेर जाण्याचा मुख्य रस्ता बदलतो. समजा पोर्ट उघडून तुम्ही बाहेरून विचारणा केलीत. ती तुमच्या राउटरमधून डब्यापर्यंत येते. पण डबा उत्तर धाडतो ते नव्या रस्त्याने, कंपनीच्या सर्व्हरमार्गे. तुमचा फोन एका पत्त्याकडून उत्तराची वाट बघत असतो आणि ते येऊ पाहतं भलत्याच पत्त्यावरून, म्हणून जोडणी तुटते. याशिवाय अशा ॲपमध्ये 'किल स्विच' असतो. आपल्या बोगद्याबाहेरची सगळी ये-जा तो फायरवॉल लावून अडवतो. त्यात घरचा टीव्हीही अडतो आणि टेलस्केलही.

यातून तीन वाटा आहेत.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे डब्यावर विकतचा व्हीपीएन ठेवूच नका. घरच्या चित्रफिती दाखवणाऱ्या डब्याला त्याची गरज नसते. तुम्हाला ब्राउझिंगसाठी तो हवा असेल तर तो तुमच्या लॅपटॉपवर ठेवा. बहुतेकांचा प्रश्न इथेच मिटतो.

दुसरी वाट ॲपमधल्या 'स्प्लिट टनेलिंग'ची. कोणत्या प्रोग्रामने बोगद्यातून जायचं आणि कोणत्याने नाही ते तिथे सांगता येतं. जेलीफिन आणि टेलस्केल बोगद्याबाहेर ठेवा आणि घरगुती जाळ्याला मुभा देणारी सेटिंगही चालू करा. लिनक्सवर ही सोय सगळ्याच ॲपमध्ये नसते, आणि असली तरी ॲपच्या प्रत्येक सुधारणेनंतर तपासावी लागते.

तिसरी वाट मला सगळ्यात जास्त पटते, पण थोडी शिकून घ्यावी लागते. डॉकर म्हणजे प्रोग्राम वेगवेगळ्या बंद पेट्यांत चालवण्याची सोय, आणि अशा पेटीला कंटेनर म्हणतात. डॉकरमध्ये ग्लूटन (gluetun) नावाचा एक कंटेनर मिळतो. विकतचा व्हीपीएन त्या कंटेनरच्या आतच चालतो, आणि ज्या एका प्रोग्रामला बाहेर जाणारा बोगदा हवा आहे त्याचं नेटवर्क त्या कंटेनरला जोडायचं. त्या प्रोग्रामचं पान उघडायचं पोर्टही ग्लूटनवरच जाहीर करावं लागतं, हे नवखे हमखास विसरतात. बाकी डबा, म्हणजे जेलीफिन आणि टेलस्केल, आपल्या नेहमीच्या रस्त्याने चालत राहतो. बोगदा तुटला तर तो एकच प्रोग्राम थांबतो.

कुठलीही वाट धरा, पण दूर बसून नेटवर्कमध्ये बदल करण्याआधी परतीची सोय करून ठेवा. 'शटडाउन' या आदेशापुढे उणे-आर आणि अधिक १० लिहिलं की दहा मिनिटांनी डबा रीस्टार्ट होतो. बदल नीट झाला तर उणे-सी लावून तो रद्द करायचा. नाही झाला तर दहा मिनिटं थांबा. मात्र नव्या व्हीपीएनची आपोआप सुरू होण्याची सेटिंग तोवर बंद हवी. माझ्या त्या शनिवारच्या फेरीचं खरं कारण हेच होतं.

टक्कर फोनवरही होते. अँड्रॉइड आणि आयफोन एका वेळी एकच व्हीपीएन चालवू देतात. विकतचा चालू केला की टेलस्केल बंद पडतं आणि जेलीफिन 'सर्व्हर सापडत नाही' म्हणतं. डबा बिघडला असं समजून घरी फोन करण्याआधी फोनच्या वरच्या पट्टीत कोणत्या व्हीपीएनची खूण आहे ते बघा. ऑफिसच्या लॅपटॉपवर ऑफिसचाच व्हीपीएन असतो, तिथे टेलस्केल टाकायच्या भानगडीत पडू नका.

विकतच्या व्हीपीएनमध्ये 'भारत' हा देश निवडल्यावर सगळं संथ का होतं, असंही बरेच जण विचारतात. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायची आहे. त्यानंतर अनेक मोठ्या कंपन्यांनी आपले भारतातले सर्व्हर हलवले. त्यामुळे ॲपमध्ये भारत दिसतो, पण यंत्र बऱ्याचदा देशाबाहेर असतं आणि नाशिक ते पुणे हा प्रवास समुद्रापलीकडून होतो. भारतातलाच पत्ता हवा असेल तर टेलस्केलमध्ये घरच्या डब्याला 'एक्झिट नोड' करता येतं. मग तुम्ही परदेशात असतानाही तुमची ये-जा नाशिकच्या घरातून बाहेर पडते.

वेग आणि डेटा

दुरून बघताना घरच्या जोडणीचा डाउनलोड वेग कामाचा नाही. डबा पाठवतो, म्हणून अपलोड बघा. एचडी चित्रासाठी ४ ते ८ एमबीपीएस पुरतात.

मोबाइल डेटाचा हिशोब एकदा करून ठेवा. ४ एमबीपीएसने एक तास म्हणजे १.८ जीबी. रोजचे दीड-दोन जीबी मिळत असतील तर एका तासात दिवस संपला. २ एमबीपीएसला तासाला ०.९ जीबी. जेलीफिनच्या डॅशबोर्डमध्ये बाहेरच्या जोडणीसाठी बिटरेटची, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा जावा याची, मर्यादा घालता येते. मी ती ४ वर ठेवली आहे आणि फोनवर त्यात काही कमी वाटत नाही.

चित्र अडकत असेल तर पुण्याच्या लॅपटॉपवरून 'टेलस्केल पिंग' आणि पुढे डब्याचं नाव लिहून बघा. उत्तरात 'डर्प' हा शब्द आला तर जोडणी सरळ न होता मधल्या टप्प्यावरून होते आहे आणि वेग कमी मिळणार. दोन्ही टोकांना सीजीनॅट असलं की हे होतं. उपाय बहुतेक वेळा आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता, हा असतो. आपल्याकडे मोबाइलवर तो सर्रास मिळतो. घरच्या राउटरवर तो बंद असेल तर चालू करा, नसेल तर इंटरनेटवाल्याकडे मागा.

घरच्यांना जोडणं

ओझरच्या मावशीला बघायचं असेल तर तिला तुमच्या खात्याचा पासवर्ड देऊ नका. टेलस्केलमध्ये एकच यंत्र दुसऱ्याच्या खात्याशी वाटून घेता येतं. तिला तेवढाच डबा दिसेल. जेलीफिनमध्ये तिचा वेगळा वापरकर्ता बनवा आणि काय दिसावं ते ठरवा. अँड्रॉइड टीव्ही, फायर टीव्ही आणि ॲपल टीव्हीवर टेलस्केलचं ॲप मिळतं. तिच्या टीव्हीवर ते नसेल तर मागे एक स्ट्रीमिंग स्टिक लावली की झालं.

आणि या डब्याला एकमेव प्रत समजू नका. कॅसेटवरून उतरवलेलं पुन्हा उतरवता येईल याची खात्री नाही. फीत झिजते, बुरशी लागते. आमच्याकडे दुसरी डिस्क पुण्याला माझ्या कपाटात आहे, दर चार महिन्यांनी नाशिकला नेते आणि नवं भरून आणते.

शेवटचं काम कागदाचं. डब्यावर एक चिठ्ठी चिकटवा, मोठ्या अक्षरांत, डब्याजवळ राहणाऱ्या माणसाला कळेल अशी. आमच्या चिठ्ठीवर आईच्याच अक्षरात लिहिलं आहे: बटण एकदा दाबून सोडायचं, धरून ठेवायचं नाही. दिवा विझेपर्यंत थांबायचं. पुन्हा दाबायचं. पिवळी वायर काढायची नाही. पाच मिनिटांनी टीव्हीवर लागलं नाही तरच फोन करायचा.